'क्वाइट' म्हणजे नक्की किती?

इंग्रजीतले मोठे शब्द आपल्याला फारसा त्रास देत नाहीत. 'थर्मोडायनॅमिक्स', 'सुपरइम्पोझिशन', 'इलेक्ट्रोमॅग्नेटिझम' असले लांबलचक शब्द पहिल्या वर्षातच तोंडपाठ होतात. त्यांचा अर्थ एकच असतो आणि तो पुस्तकात चौकटीत छापलेला असतो. त्रास देतात ते छोटे शब्द. सगळ्यांना माहीत असलेले, रोज कानावर पडणारे, आणि म्हणूनच डिक्शनरीत कुणी न बघणारे. 'क्वाइट' हा त्या टोळीचा म्होरक्या!

माझं शालेय शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे होस्टेलमध्ये इंग्रजीचे प्रश्न आपोआप माझ्या खोलीकडे येतात. देगलूर, मुखेड, निलंगा, अहमदपूर इकडून मराठी माध्यमातून आलेल्या ज्युनिअर मुली 'ताई, एवढं एक वाक्य सांग ना' म्हणत वही घेऊन येतात. प्रश्न बहुधा मोठ्या शब्दांचे नसतातच. ते असतात 'इव्हन', 'जस्ट', 'रादर', 'क्वाइट' या मंडळींचे. मागच्या सबमिशनला तिघी जणी प्रोजेक्टची फाईल घेऊन आल्या. परीक्षकांनी शेवटच्या पानावर दोनच वाक्यं लिहिली होती. 'मॉडेल इज क्वाइट गुड. रिपोर्ट इज नॉट क्वाइट कम्प्लीट.'

एकीचं म्हणणं, मॉडेल 'एकदम भारी' आहे. दुसरीचं म्हणणं, नाही गं, 'ठीकठाक' आहे. तिसरीने घाईत 'क्वायट' वाचलं होतं आणि मॉडेल 'शांत' कसं काय असतं, या विचारात ती पडली होती. (मॉडेलमधली मोटर चालत नव्हती, हा भाग वेगळा!) त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्या वाक्याने तिघी घाबरल्या होत्या. रिपोर्ट पूर्ण झालाच नाही असं समजून सगळा पुन्हा लिहायचा त्यांचा विचार चालला होता. प्रत्यक्षात दोन पानांची आकडेमोड जोडायची राहिली होती. एका शब्दापायी तीन मुलींची रात्र जाणार होती.

म्हणून ठरवलं, या वर्षीच्या अंकात याच शब्दावर लिहायचं.

ॲनालॉग आणि डिजिटल

व्याकरणाच्या पुस्तकात 'क्वाइट'ला 'ॲडव्हर्ब ऑफ डिग्री' म्हणतात. म्हणजे 'किती' हे सांगणारं क्रियाविशेषण. गंमत अशी की हा एकच शब्द दोन वेगवेगळे 'किती' सांगतो. एक अर्थ 'बऱ्यापैकी', दुसरा अर्थ 'पूर्णपणे, अगदी'. कोणता अर्थ कुठे घ्यायचा, हे त्याच्या पुढच्या शब्दावर ठरतं. आपण इंजिनिअरिंगवाले असल्यामुळे हा नियम आपल्याला इतरांपेक्षा लवकर कळायला हवा.

काही विशेषणं ॲनालॉग सिग्नलसारखी असतात. गुड, हॉट, बिग, टायर्ड, इंटरेस्टिंग. चहा थोडा गरम असतो, जास्त गरम असतो, फार गरम असतो. मधल्या सगळ्या पायऱ्या शक्य आहेत. अशा विशेषणापुढे 'क्वाइट' आलं की अर्थ 'बऱ्यापैकी'. 'क्वाइट हॉट' म्हणजे बऱ्यापैकी गरम.

काही विशेषणं डिजिटल असतात. एक किंवा शून्य, मधलं काही नाही. एम्प्टी, डेड, इम्पॉसिबल, राँग, फिनिश्ड, युनिक. टाकी रिकामी असते किंवा नसते. अशा विशेषणापुढे 'क्वाइट' आलं की अर्थ 'पूर्णपणे, अगदी'. 'क्वाइट एम्प्टी' म्हणजे ठणठणीत रिकामी. 'क्वाइट इम्पॉसिबल' म्हणजे अगदी अशक्य, 'बऱ्यापैकी अशक्य' नव्हे. 'यू आर क्वाइट राँग' असं कुणी व्हायवात म्हणालं, तर थोडंसं चुकलं असं समजून हसू नका. सगळंच चुकलं आहे!

क्रियापदांचंही तसंच. 'आय क्वाइट लाइक इट' म्हणजे मला ते बऱ्यापैकी आवडतं, कारण आवड कमी-जास्त होते. पण 'आय क्वाइट ॲग्री' म्हणजे मला पूर्ण मान्य आहे, आणि 'आय क्वाइट अंडरस्टँड' म्हणजे मला पूर्ण समजलं.

आता परीक्षकांची दोन वाक्यं परत वाचा. 'गुड' ॲनालॉग, म्हणून मॉडेल बऱ्यापैकी चांगलं. 'कम्प्लीट' डिजिटल, म्हणून 'क्वाइट कम्प्लीट' म्हणजे पूर्ण झालेलं, आणि 'नॉट क्वाइट कम्प्लीट' म्हणजे अगदी पूर्ण नाही, जरासं राहिलंय. ओळी दोन, शब्द तोच, अर्थ वेगळे.

हा नियम तुम्हाला आधीच येतो

इथे कुणी म्हणेल, इंग्रज लोक विचित्रच, एका शब्दाचे दोन उलटे अर्थ कसे ठेवतात? पण आपण तरी काय वेगळं करतो? आपला 'बरा' हा शब्द घ्या.

मेसमध्ये विचारलं, 'आज वरण कसं आहे?' उत्तर येतं, 'बरं आहे.' म्हणजे खाण्यासारखं आहे, पण दुसरी वाटी घ्यावी असं नाही. आता गावाकडे फोन करून विचारलं, 'आजोबांचा ताप कसा आहे?' उत्तर येतं, 'आता बरे आहेत.' म्हणजे ताप गेला, आजार संपला. पहिलं 'बरं' म्हणजे ठीकठाक, दुसरं 'बरं' म्हणजे पूर्ण. आपण एकदाही गोंधळत नाही. चव ही ॲनालॉग गोष्ट आहे, आजार संपणं ही डिजिटल, आणि हे आपल्याला कुणी न शिकवता कळतं.

आणखी एक गंमत बघा. इंग्रजीत 'क्वाइट' सहसा तुलनेच्या शब्दापुढे येत नाही. 'क्वाइट बिगर', 'क्वाइट हॉटर' असं म्हणत नाहीत. अपवाद एकच, 'क्वाइट बेटर'. आणि त्याचा अर्थ आजारातून पूर्ण उठलेला, म्हणजे आपला 'बरा झालेला'! दोन भाषा हजारो मैलांवरच्या, पण आजारी माणसाजवळ बसल्या की सारख्याच बोलतात.

'बरा' हा मुळात 'चांगला' या अर्थाचा शब्द. म्हणून तर 'बरेवाईट' अशी जोडी होते आणि 'बरं झालं आलात' असं आपण म्हणतो. वापरून वापरून तो 'ठीकठाक'पर्यंत खाली आला. पण त्याला 'च' लावला की पुन्हा वर चढतो. 'बरा मोठा' म्हटलं तर कानाला खटकतं, 'बराच मोठा' म्हटलं की 'क्वाइट बिग' तयार! 'बराच वेळ', 'बरेच दिवस', 'बऱ्यापैकी' ही सगळी 'क्वाइट'ची मराठी भावंडं. ज्या मुलीला 'बरं आहे' आणि 'बरे झाले' यातला फरक कळतो, तिला 'क्वाइट'चा नियम येतोच. फक्त आपल्याला तो येतो, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं.

इंग्रजीतली बेबाकी

आता हा शब्द आला कुठून ते बघू. मूळ लॅटिन शब्द 'क्वायेटस', म्हणजे शांत, निवांत. त्यातून जुन्या फ्रेंचमध्ये शब्द झाला 'मोकळा, सुटलेला', विशेषतः देण्यातून मोकळा. डोक्यावर कर्ज नाही तोच माणूस निवांत, हे फ्रेंचांनाही कळत होतं! इंग्लंडमध्ये जुन्या काळी हिशेब चुकता झाला की 'क्वायेटस एस्ट' असा शेरा मारत. म्हणजे हा मोकळा झाला. आपल्याकडे सोसायटीचं कर्ज फेडल्यावर शेतकऱ्याला मिळतो तो बेबाकी दाखला, किंवा होस्टेल सोडताना आपण सही-सहीसाठी ज्याच्यामागे पळतो ते 'नो ड्यूज', तसलाच प्रकार.

हिशेब चुकता म्हणजे काहीच बाकी नाही. म्हणून चौदाव्या शतकापासून इंग्रजीत 'क्वाइट' म्हणजे 'पूर्णपणे'. 'बऱ्यापैकी' हा सौम्य अर्थ खूप नंतर, एकोणिसाव्या शतकात रूढ झाला. नवीन अर्थ आला तरी जुना गेला नाही. दोघे एकाच खोलीत राहतात, रूममेटसारखे. आणि त्या तिसऱ्या मुलीचं 'शांत' वाचणंही अगदीच निराधार नव्हतं. 'क्वायट' म्हणजे शांत, 'क्विट' म्हणजे सोडून देणं, 'ॲक्विट' म्हणजे आरोपातून मोकळं करणं आणि आपला 'क्वाइट', हे सगळे त्याच एका लॅटिन घरातले आहेत. स्पेलिंगमध्ये मात्र लक्ष ठेवा. 'ई' शेवटी असेल तर 'क्वाइट', 'टी' शेवटी आणि त्याआधी 'ई' असेल तर 'क्वायट'.

मराठीतले 'किती' सांगणारे शब्दही असेच प्रवास करून आले आहेत. 'खूप' हा फारसी 'खूब'वरून आला, आणि 'खूब' म्हणजे मुळात 'चांगला'. 'फार' हा संस्कृत 'स्फार'वरून, म्हणजे विस्तीर्ण. 'जरा' हा अरबी 'जर्रा'वरून, म्हणजे धुळीचा कण. 'बिलकुल' अरबीतला, म्हणजे 'समग्र'. 'एकदम' फारसीतला, म्हणजे 'एका श्वासात'. आपला मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि तिथे राजभाषा उर्दू होती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात तर शिक्षणच उर्दूतून होतं. त्यामुळे आपल्या बोलण्यात 'बिलकुल' आणि 'एकदम' जरा जास्तच रुळले असतील, तर नवल नाही.

इंग्रजीतसुद्धा 'व्हेरी' म्हणजे मुळात 'खरा', 'फेअर' म्हणजे सुंदर, 'प्रिटी' म्हणजे गोंडस. तरी 'प्रिटी बॅड' म्हणजे 'गोंडस वाईट' नव्हे, 'चांगलंच वाईट'. बघा, इथे आपणही 'चांगलंच' वापरलं! 'चांगलाच मार बसला' यात चांगलं काय असतं? 'भयंकर गोड' यात भीती कुठे असते? आणि होस्टेलमध्ये 'बेक्कार भारी' म्हणतो तेव्हा बेकार कोण असतं? 'किती' सांगण्यासाठी माणसं जोरदार शब्द शोधतात, तो वापरून गुळगुळीत होतो, मग नवीन शोधतात. 'खूप' झिजला म्हणून 'लई' आणि 'लई' पुरेना म्हणून 'लईच'!

लंडनचं 'क्वाइट', न्यूयॉर्कचं 'क्वाइट'

इथपर्यंत सोपं होतं. आता थोडी अडचण. ब्रिटिश माणूस 'क्वाइट गुड' म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ बहुधा 'ठीक आहे, बऱ्यापैकी'. अमेरिकन माणूस 'क्वाइट गुड' म्हणतो, तेव्हा तो 'चांगलंच आहे'कडे, म्हणजे जवळजवळ 'व्हेरी गुड'कडे झुकतो. आपल्यातले बरेच जण पुढे पुण्याला किंवा हैदराबादला नोकरीला लागतील आणि त्यांचा क्लायंट कुठला असेल ते सांगता येत नाही. लंडनहून 'क्वाइट गुड' आलं तर पार्टी करायची घाई नको, न्यूयॉर्कहून आलं तर उगीच नाराज होऊ नका.

ब्रिटिश बोलण्यात आघातही महत्त्वाचा असतो. 'गुड'वर जोर दिला तर कौतुक. 'क्वाइट'वर जोर देऊन लांबवलं, तर पुढे 'पण' येणार हे नक्की. आपणही 'बरं आहे' आणि 'बरंऽ आहे' यात हाच फरक करतो. सासरी पहिला स्वयंपाक केलेल्या कुठल्याही नवीन सुनेला विचारा, ती यावर पीएचडी करू शकेल.

वापरताना लक्षात ठेवायच्या चार गोष्टी

१. जागा. 'अ व्हेरी गुड बुक' असं म्हणतात, पण 'क्वाइट अ गुड बुक' असं म्हणतात. 'क्वाइट' साधारणपणे 'अ'च्या आधी उभं राहतं. मराठीत 'अ', 'ॲन' नसल्यामुळे आपली गाडी इथे घसरते.

२. 'क्वाइट अ फ्यू'. यात 'फ्यू' म्हणजे थोडे, पण सगळ्याचा अर्थ 'बरेच'. विचित्र वाटलं तर आपलं 'थोडेथोडके नव्हेत' आठवा. तिथेही 'थोडे' म्हणूनच 'पुष्कळ' सांगतो.

३. 'नॉट क्वाइट'. म्हणजे जवळपास, पण पूर्ण नाही. 'नॉट ॲट ऑल' म्हणजे मुळीच नाही. या दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पहिल्याला दोन पानं जोडायची, दुसऱ्याला सगळं नव्याने लिहायचं.

४. नुसतं 'क्वाइट'. इंग्रज माणूस आपल्या बोलण्यावर फक्त 'क्वाइट' एवढंच म्हणाला, तर तो 'अगदी, अगदी' म्हणतोय. त्याने वाक्य अर्धवट सोडलेलं नाही.

त्याच्या शेजाऱ्यांची उतरंडही पाहून ठेवा. सगळ्यात खाली 'फेअरली', वर 'क्वाइट', मग 'रादर' आणि 'प्रिटी', मग 'व्हेरी'. 'रादर'मध्ये बऱ्याचदा 'हवं होतं त्यापेक्षा' अशी छटा असते. 'रादर हॉट' म्हणजे आपलं 'जरा जास्तच गरम'. आणि 'टू' ही उतरंडीतली पायरीच नाही. ते भांड्याबाहेर सांडणं आहे. 'द लोड इज व्हेरी हेवी' म्हणजे ओझं फार जड आहे, पण क्रेन उचलेल. 'द लोड इज टू हेवी' म्हणजे क्रेन उचलणार नाही. मैत्रिणीला 'यू आर टू गुड' म्हणा हवं तर, पण साइटवर 'टू' आणि 'व्हेरी' यांची अदलाबदल केली तर क्रेनच आडवी व्हायची.

'किती'ला आकडा लावला की काय होतं?

आता थोडं गंभीर. बोलताना 'क्वाइट', 'व्हेरी' ढोबळ राहिले तर बिघडत नाही. पण काही ठिकाणी त्यांच्यावर माणसाचं पोट आणि जीव अवलंबून असतो. तिथे या शब्दांना आकडा लावावाच लागतो. आपल्या भागातली दोन उदाहरणं देते.

पहिलं पावसाचं. भारतीय हवामान विभाग 'हेवी', 'व्हेरी हेवी', 'एक्स्ट्रीमली हेवी' असे शब्द वापरतो ते मनाला येतील तसे नाहीत. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस म्हणजे 'हेवी'. ११५.६ ते २०४.४ म्हणजे 'व्हेरी हेवी'. त्याच्यावर 'एक्स्ट्रीमली हेवी'. म्हणजे हवामान विभागाच्या भाषेत 'व्हेरी' सुरू होतो ११५.६ मिलिमीटरला.

आता आपल्या महसूल खात्याचा शब्द बघा. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की 'अतिवृष्टी'. म्हणजे जिथे इंग्रजीतलं साधं 'हेवी' सुरू होतं, जवळपास तिथेच मराठीतला 'अति' लागतो. 'अति' ऐकून त्याचं 'व्हेरी' किंवा 'एक्स्ट्रीमली' असं भाषांतर केलं तर चूक होईल. इथला 'अति' हा 'फार'चा नाही, 'सोसवणार नाही इतका' या अर्थाचा आहे. म्हणजे इंग्रजीतल्या 'टू'च्या जवळचा. 'अति तिथे माती'मधला 'अति'.

या शब्दाची किंमत शेतकऱ्याच्या घरात कळते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यात गावंच्या गावं पाण्यात गेली आणि सप्टेंबरमध्ये मराठवाडाभर सोयाबीन पाण्याखाली होतं. तेव्हा प्रत्येक पारावर एकच चर्चा होती. आपल्या मंडळात किती मिलिमीटर लागला? अतिवृष्टीत बसलो का? पंचनाम्यात नुकसान ३३ टक्क्यांच्या वर भरतं का? पर्जन्यमापक मंडळाच्या गावी असतो आणि शेत कुठेतरी दहा किलोमीटरवर. शेतात सोयाबीन सडलेलं असतं, आणि तिकडे मोजमाप ६५ च्या अलीकडे थांबलेलं असतं. शेतकरी म्हणतो 'लई पाऊस झाला', आणि ते खरंच असतं. पण कागदाला 'लई' कळत नाही, कागदाला आकडा लागतो. होस्टेलमधल्या निम्म्या मुलींची फी त्या सोयाबीनवर असते, हे मी वेगळं सांगायला नको.

दुसरं उदाहरण किल्लारीचं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणेश विसर्जनाची रात्र संपत होती. ६.२ तीव्रतेच्या भूकंपाने औसा तालुक्यातली किल्लारी आणि आजूबाजूची गावं, तसंच तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातली सास्तूरसारखी गावं झोपेतच कोसळली. हजारो माणसं गेली. चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचं जड माळवद, यांनीच बहुतेकांचा जीव घेतला.

त्याआधी दख्खनचं पठार म्हणजे भूकंपाच्या दृष्टीने सुरक्षित भाग, असाच समज होता. नकाशातही किल्लारीचा परिसर झोन एकमध्ये, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. इंग्रजीत कुणी त्याला 'क्वाइट सेफ' म्हटलं असतं, तर कुणी आक्षेप घेतला नसता. आता विचार करा, 'सेफ' हा शब्द ॲनालॉग की डिजिटल? इथेच खरी मेख आहे. तो दोन्हीकडे जातो! एक जण 'क्वाइट सेफ' वाचून 'बऱ्यापैकी सुरक्षित' समजेल आणि थोडी काळजी घेईल. दुसरा 'पूर्ण सुरक्षित' समजेल आणि निवांत झोपेल. दोघांचंही व्याकरण बरोबर, पण घर एकाचंच उभं राहील.

म्हणूनच आपल्या कोडमध्ये असे शब्द मोकळे सोडत नाहीत. किल्लारीनंतरच्या सुधारणेत, २००२ च्या आयएस १८९३ मध्ये, झोन एक काढूनच टाकला आणि किल्लारीचा भाग झोन तीनमध्ये आला. त्या आवृत्तीत प्रत्येक झोनला शब्दही आहे आणि आकडाही. 'लो' ०.१०, 'मॉडरेट' ०.१६, 'सिव्हिअर' ०.२४ आणि 'व्हेरी सिव्हिअर' ०.३६. म्हणजे इथे 'व्हेरी' या शब्दाची किंमत बरोबर दीडपट! आयएस ४५६ च्या २००० च्या आवृत्तीत आरसीसीसाठी 'सिव्हिअर' परिस्थितीत किमान एम ३० काँक्रीट सांगितलंय आणि 'व्हेरी सिव्हिअर'मध्ये एम ३५. तिथे 'व्हेरी' म्हणजे एक ग्रेड वर. शब्द तोच, पण प्रत्येक कोडमध्ये त्याचा भाव वेगळा, आणि तो भाव छापलेला.

'क्वाइट'ला असा छापील भाव नाही. त्याचा अर्थ पुढच्या शब्दावर, बोलणाऱ्याच्या देशावर आणि आवाजाच्या चढउतारावर ठरतो. म्हणून गप्पांत, पत्रात, इंटरव्ह्यूत तो खुशाल वापरा, छान शब्द आहे. पण उद्या तुमच्या सहीने एखाद्या पुलाचा, टाकीचा किंवा शाळेच्या इमारतीचा रिपोर्ट जाणार असेल, तर 'स्ट्रक्चर इज क्वाइट सेफ' असं लिहून थांबू नका. किती लोडला सुरक्षित, फॅक्टर ऑफ सेफ्टी किती, कोणत्या झोनसाठी तपासलं, ते लिहा.

जाता जाता

भाषांतराची सोय आता प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये आहे. वाक्य टाकलं की क्षणात मराठी तयार. पण 'क्वाइट' आलं की ते भाषांतर एकदा स्वतः तपासा. पुढचा शब्द ॲनालॉग की डिजिटल, एवढाच प्रश्न विचारा. आणि अडलंच तर 'बरा' हा शब्द तिथे ठेवून पाहा.

मराठी माध्यमातून आलेल्या माझ्या ज्युनिअर मैत्रिणींना एक आवर्जून सांगायचंय. तुमच्यातल्या अनेकजणी वर्गात उत्तर येत असूनही गप्प बसतात, कारण इंग्रजी 'येत नाही'. अगं, 'येत नाही' हे 'नॉट ॲट ऑल' झालं. तुमचं आहे ते फार तर 'नॉट क्वाइट', म्हणजे थोडंच राहिलंय. दोन पानं जोडायची आहेत, अख्खा रिपोर्ट लिहायचा नाहीये. तेवढ्यासाठी माझ्या खोलीचं दार उघडं आहे. फक्त सबमिशनच्या आदल्या रात्री येऊ नका, त्या रात्री माझंही 'नॉट क्वाइट कम्प्लीट'च असतं!